भीतीचं विरजण

शिवकन्या बिरादार समुपदेशनाच्या खोलीत आली की आधी खिडकी उघडायची. मग खुर्ची उचलून खिडकीपाशी न्यायची आणि रेणुकापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसायची. त्या दिवशी तर तिने पाठ भिंतीला अशी टेकवली होती की भिंत मागे सरकली असती तर तीही सरकली असती.

"इतकी लांब का बसतेस गं?" रेणुकाने विचारलं.

"वास येतोय ना मॅडम माझा."

रेणुकाला कसलाही वास येत नव्हता. फरशीला लावलेल्या फिनेलचा येत होता, खालच्या मेसमधल्या करपलेल्या फोडणीचा येत होता. "कोण म्हणालं तुला?"

"कुणी म्हणायला कशाला पाहिजे? हॉस्टेलच्या पोरींनी खाटा सरकवल्यात माझ्यापासून. पट्टी बदलायला सिस्टर येतात, त्या बाकीच्यांच्या वेळी नुसते हातमोजे घालतात. माझ्या वेळी तोंडाला मास्क लावतात. माझी पट्टी वेगळ्या डब्यात, बर्फात ठेवतात. आणि मला साबण लावू नको म्हणतात. पावडर नको, काहीच नको. सगळ्यांना चालतं, मलाच का नाही चालत?"

एवढं बोलून तिने कुर्त्याची बाही वर केली. काखेतली कातडी लालभडक झाली होती. दोन-तीन ठिकाणी सोलून तिच्यावर पिवळट पापुद्रा धरला होता.

"अगं, हे काय करून घेतलंस?"

"साबण नाही ना. मग वजरीनं घासते."

टाचा घासायची वजरी. तिने मलम दिलं, सिस्टरांशी बोलते म्हणून सांगितलं. शिवकन्या उठताना म्हणाली, "मॅडम, याही टेस्टचा माझा निकाल राखून ठेवलाय. तपासण्यात अडचण आहे म्हणे. आणि रविवारी अप्पांशी बोलायचं होतं, ते पुढं ढकललं. कधी ते सांगत नाहीत. घरी काही झालं तर नसेल ना?"

रेणुका कोनाळे लातूरच्या शिखरवेध अकॅडमीत मानसशास्त्रज्ञ होती. शिकवणीच्या शहरांतून मुलांच्या जिवाच्या बातम्या वरचेवर येऊ लागल्या, तेव्हा सरकारने कायदा केला. प्रत्येक मोठ्या क्लासने समुपदेशक नेमायचा आणि प्रत्येक मुलाच्या काखेत घामपट्टी लावायची. पट्टी कापडाची, बोटभर रुंदीची. घामातून ताणाची रसायनं ओळखायची आणि मनगटावरच्या बिल्ल्याचा रंग बदलायची. हिरवा म्हणजे मन ठिकाणावर, पिवळा म्हणजे ताण, लाल म्हणजे समुपदेशकाने हातातलं काम टाकून धावायचं. सगळ्या मुलांचे रंग रेणुकाच्या टेबलावरच्या पडद्यावर दिसत. तिचा नवरा तुषार रसायनशास्त्रज्ञ होता आणि पट्ट्यांचं काम त्याच्याकडे होतं. पुण्यातलं बिऱ्हाड मोडून दोघं इथे आली, ती मुलांचे जीव वाचवायचं काम आहे म्हणून. निदान रेणुका तरी त्याचसाठी आली होती.

शिवकन्या उदगीरकडची. वडिलांची पिठाची गिरणी. ती आली तेव्हा रेणुकाने पहिल्याच भेटीत तिला विचारलं होतं, भीती नेमकी कशाची वाटते? कुणाला नापास होण्याची वाटते, कुणाला बापाच्या तोंडाची, कुणाला शेजारच्या बाकावरच्या मुलाची. शिवकन्या म्हणाली होती, "कळत नाही तोवर वाटते. नापास झाले असं कळलं तरी चालतं मला. मग झोप लागते."

रेणुकाने महिन्याच्या बैठकीत ते सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. या मुलीच्या चिंतेचं मूळ अपयशात नाही, अनिश्चिततेत आहे. तिला निकाल वेळेवर द्या. घरच्यांशी बोलायचा दिवस ठरवा आणि तो मोडू नका. एवढं केलंत तर ही मुलगी उत्तम अभ्यास करेल. अकॅडमीचे संचालक घोगरे सर मन लावून ऐकत होते. तुषारही ऐकत होता.

आणि आता बरोबर उलट चाललं होतं. रेणुकाला वाटलं, निष्काळजीपणा. एवढ्या मोठ्या संस्थेत असं व्हायचंच.

एप्रिलच्या एका सकाळी अभ्यासिकेतला एसी बंद पडला तेव्हा तिला पहिल्यांदा काहीतरी खटकलं.

अभ्यासिका म्हणजे एक लांबलचक हॉल. काचा कायम बंद, पडदे ओढलेले, शेकडो मुलं खाली मान घालून बसलेली. त्या दिवशी उकाड्याने जीव जायला लागला म्हणून शिपायाने खिडक्या सताड उघडल्या. बाहेरची गरम हवा धुळीसकट आत आली. मुलं घामाने निथळत होती, वह्यांनी वारा घेत होती. आणि रेणुकाच्या पडद्यावर पिवळे ठिपके एकेक करत हिरवे होत होते. तिला खरं वाटेना. ती खाली गेली. कोपऱ्यातली दोन मुलं हसत होती. एक मुलगी डोकं टेकवून चक्क झोपली होती. त्या हॉलमध्ये कुणी झोपलेलं रेणुकाने आजवर पाहिलं नव्हतं.

दारात घोगरे सर फोनवर होते. "तुषारराव, तुम्ही स्वतः या. मेकॅनिक नंतर बघू."

संध्याकाळी एसी सुरू झाला. दुसऱ्या दिवशी हॉल गारेगार आणि पडदा पिवळाधमक. रेणुका मुद्दाम वही घेऊन मुलांमध्ये जाऊन बसली. थोड्याच वेळात तिच्या छातीत धडधडायला लागलं. घरचा गॅस बंद केला का? आईचा फोन का आला नाही? आपण काहीतरी विसरलोय. काय विसरलोय? वास कसलाच नव्हता, आवाज नव्हता. शेजारचा मुलगा दाताने नखाभोवतीची कातडी सोलत होता. बोटातून रक्त आलेलं त्याला कळलं नव्हतं. तो वाचत होता. सगळी वाचत होती. कुणीही मान वर करत नव्हतं.

ती बाहेर येऊन उन्हात उभी राहिली, तेव्हा गॅस बंद केल्याचं तिला स्वच्छ आठवलं.

जेवताना तिने विचारलं, "तुषार, त्या एसीत काय आहे?"

तुषारने घास खाली ठेवला. तो चिडेल, उडवून लावेल असं तिला वाटलं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखा भाव आला. आपली हुशारी घरात कुणाला तरी सांगायला तो कधीचा थांबला असावा.

"घाम दोन प्रकारचा असतो," तो म्हणाला. "उन्हात येतो तो नुसता मीठ आणि पाणी. दुसरा येतो घाबरल्यावर. काखेत त्याच्या वेगळ्या ग्रंथी असतात. तो बाहेर पडतो तेव्हा त्याला वास नसतो. कातडीवरचे जिवाणू तो खातात, फोडतात, आणि त्यातून हवेत उडणारे रेणू तयार होतात. नाकाला ते वास म्हणून कळतही नाहीत. मेंदूला मात्र कळतात. विमानातून पहिल्यांदा उडी मारणाऱ्या लोकांच्या काखेतला घाम गोळा करून तो दुसऱ्यांना हुंगायला दिला होता, जुने प्रयोग आहेत. हुंगणाऱ्यांचा मेंदू लगेच सावध झाला. कशामुळे ते त्यांना सांगता आलं नाही. कळपातलं एक हरीण घाबरलं की बाकीच्यांचे कान उभे राहतात, तसं."

"म्हणजे तुम्ही मुलांना घाबरवता."

"घाबरवत नाही गं. सजग ठेवतो. थोडा ताण असला की माणूस जास्त चांगलं काम करतो. फार झाला की कोसळतो, अजिबात नसला की झोपतो. मधली जागा पकडायची. पट्टी आम्हाला सांगते मुलं कुठे आहेत, त्यावरून आम्ही हवेतलं प्रमाण ठरवतो. लाल कुणी झालंय का वर्षभरात? एकसुद्धा नाही. निकाल बघ कुठे गेलाय!"

"घाम कुणाचा?"

"आधी प्रयोगशाळेत बनवायचा प्रयत्न केला. नाही जमला. फार बारीक मिश्रण आहे ते." त्याने समोरच्या दह्याच्या वाटीकडे बोट केलं. "हे बघ, दह्यासारखं आहे. दूध कुठलंही घे, विरजण चांगलं पाहिजे. आम्ही बऱ्याच मुलांच्या पट्ट्यांवरचे जिवाणू वाढवून पाहिले. बिघडायचे. एकच विरजण असं मिळालं की काय सांगू. फक्त त्याला रोज ताजा घाम लागतो. नाहीतर सुस्तावतं."

रेणुकाच्या घशापाशी आंबट चव आली. दह्यावर साईचा जाडसर थर होता. त्यातला अर्धा तिने आत्ताच खाल्ला होता. तिने वाटी दूर सारली.

मास्क. बर्फाचा डबा. साबण लावायचा नाही.

"शिवकन्या," ती म्हणाली.

तुषारने मान डोलावली. मग हलक्या आवाजात, एखाद्याचं कौतुक करावं तसा म्हणाला, "तिची भीती फार शुद्ध आहे, रेणू. बाकीच्यांच्या घामात काय काय मिसळलेलं असतं. राग असतो, हेवा असतो. तिच्यात नुसतं 'आता काय होईल' एवढंच. आणि ते ओळखलंस तूच. ती बैठक झाली नसती तर तिला तसं कसं ठेवायचं ते आम्हाला कळलं नसतं."

रेणुका उठून मोरीत गेली आणि हात धुवायला लागली. साबण लावून धुतले, पुन्हा धुतले. तुषार मागून आला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या बाहीचा स्पर्श मानेला झाला, तशी ती पाल पडल्यासारखी झटकन बाजूला झाली.

"हात लावू नकोस मला."

"अगं, मी काय..."

"लांब हो."

सकाळी ती अकॅडमीच्या तळघरात गेली. जवळच्या ओळखपत्राने दार उघडलं, कारण पट्ट्यांच्या खोलीत जायला समुपदेशकाला परवानगी होतीच. आत स्टीलची चकचकीत पिंपं होती, घरातल्या पाण्याच्या टाकीएवढी. एकाचं झाकण तिने उचललं. कोमट पाण्यावर पांढुरकी, तेलकट साय धरली होती. तिच्यावर बुडबुडे येत होते, सावकाश फुटत होते. वर एक नळी निघून भिंतीतून अभ्यासिकेकडे गेली होती. एका सोळा-सतरा वर्षांच्या पोरीच्या काखेतली भीती इथे कोमट करून, वाढवून, शेकडो पोरांच्या नाकात सोडली जात होती. ती पोरगीही त्याच हॉलमध्ये बसून तीच हवा आत घेत होती, आणखी घाबरत होती, आणि वर वजरीने स्वतःला सोलत होती. रेणुकाने झाकण टाकलं. तिच्या बोटांना चिकट लागलं होतं. ते पुसायला तिला काही सापडेना. ओढणीला पुसायची किळस वाटली. ती तसाच हात अंगापासून लांब धरून जिना चढली.

वर आल्यावर तिने भौतिकशास्त्राच्या सरांना गाठलं आणि विचारलं, शिवकन्या बिरादारचे पेपर तपासून झालेत का? "कधीच झालेत," सर म्हणाले. "वरून सांगितलंय, देऊ नका. मला काय, मी देत नाही." सगळ्या विषयांचे गुण मात्र त्यांना तोंडपाठ होते, ते त्यांनी सांगून टाकले.

रेणुकाने शिवकन्याला बोलावून घेतलं. ती खिडकीकडे जायला लागली, तसा रेणुकाने तिचा हात धरला आणि शेजारी बसवलं.

"तुझे सगळे निकाल मला कळलेत. सांगू?"

पोरीच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. तिने मान हलवली.

"तू मध्यावर आहेस. वरच्या फळीत नाहीस, तळालाही नाहीस. भौतिकशास्त्र कच्चं आहे, जीवशास्त्र चांगलं आहे. आत्ता आहे तसंच राहिलं तर सरकारी कॉलेज मिळणं अवघड आहे. आणि तुझ्या घरी सगळे बरे आहेत. आत्ताच अप्पांशी बोललेय मी. गिरणीचा पट्टा तुटलाय, तो बदलतायत."

शिवकन्या तिच्याकडे बघत राहिली. "अवघड आहे?"

"हो. अवघड आहे."

"असं." तिने मोठा श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले. इतके खाली की आपण तिला आजवर नेहमी आवळलेलंच पाहिलं होतं, हे रेणुकाला तेव्हा समजलं. "मग जीवशास्त्रावर काय काय होता येतं मॅडम?"

मनगटावरचा बिल्ला हिरवा झाला होता. वर्षभरात पहिल्यांदा.

मग रेणुकाने तिला बाकीचंही सांगितलं. पट्टीचं, बर्फाच्या डब्याचं, मास्कचं. मास्क वासासाठी नव्हता, सिस्टरांचा श्वास पट्टीला लागू नये म्हणून होता, हे सांगितलं. शिवकन्या ऐकत होती. रडेल असं रेणुकाला वाटलं, पण ती रडली नाही. तिने कुर्त्याच्या आत हात घातला, पट्टी ओढून काढली, चिमटीत धरून पाहिली. मग उलटी आल्यासारखं तोंड केलं आणि ती खिडकीबाहेर फेकली.

"म्हणजे ते सगळे रोज मला..." तिला पुढचा शब्द सापडेना. "शी!"

टेबलावरचा फोन वाजला. तळघरातून सिस्टर बोलत होत्या. "मॅडम, शिवकन्याची पट्टी बंद दाखवतेय. त्या मुलीला काय सांगितलंत तुम्ही? सर विचारतायत."

घोगरे सरांची खोली वर होती. सर साठीकडे झुकलेले, पांढरा सदरा, आवाज मऊ. त्यांनी रेणुकाला बसायला सांगितलं, चहा मागवला. तुषार आधीपासून तिथे होता. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"मॅडम, तुम्ही भावनेच्या भरात आहात," सर म्हणाले. "मी समजू शकतो. पण एक सांगा. भीती काय आम्ही निर्माण केली? ती पोरं घरूनच घेऊन येतात. डबा आणतात, गादी आणतात, तशी भीती आणतात. कुणाकडे कमी असते, कुणाकडे जास्त. आम्ही फक्त सगळ्यांना सारखी वाटली."

"एका मुलीला वर्षभर तुम्ही मुद्दाम तसं ठेवलंत. दुभत्या जनावरासारखं."

"जनावराला चारा-पाणी नीट लागतं. तिलाही दिलं. वरच्या बॅचमध्ये बसवलं. तिच्या गुणांना ती बॅच मिळाली असती का?" सरांनी चहाचा घोट घेतला. मिशीला लागलेली साय त्यांनी जिभेने टिपली. रेणुकाने नजर वळवली.

"मी पालकांना सांगणार आहे," ती म्हणाली. "सगळं."

तुषार खुर्चीत चुळबुळला. पण घोगरे सर हसले. त्या हसण्यात राग नव्हता, धमकी नव्हती, आणि रेणुकाला तेच जास्त विचित्र वाटलं.

"खुशाल सांगा. रविवारी पालक मेळावा आहे, त्यात तुमचं भाषण ठरलेलंच आहे. मी अडवणार नाही. उलट बरं होईल, कधी ना कधी सांगायचंच होतं."

रविवारी सभागृह भरलं होतं. पालक लांबलांबून आले होते, नांदेड, धाराशिव, परळीहून. मुलं मागच्या बाजूला उभी होती. शिवकन्याचे वडील, काशिनाथ बिरादार, रेणुकाने फोन केल्यावर आदल्याच दिवशी येऊन थांबले होते. आडदांड गृहस्थ, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. रेणुकाने त्यांना आधीच सगळं सांगितलं होतं. ते ऐकून ते एवढंच म्हणाले, "म्याडम, लेकरू फोनवर म्हणायचं, अप्पा मला घाण वास येतो. मी म्हणायचो, अंघोळ करत जा की नीट."

रेणुकाने माइक घेतला. जड शब्द एकही वापरला नाही. पट्टी काय करते, घाम कुणाचा, तो कुठे वाढवतात, हवेत कसा सोडतात, एसी बंद पडला त्या दिवशी काय दिसलं, सगळं सरळ सांगितलं. शिवकन्याचं नाव मात्र घेतलं नाही. "तुमची मुलं अभ्यास करतायत असं तुम्हाला दिसतं. ती अभ्यास करत नाहीत. ती पळतायत. मागे वाघ लागल्यासारखी जागच्या जागी पळतायत. या वयात मेंदू अजून घडत असतो. त्याला रोज सांगितलं की धोका आहे, धोका आहे, तर तो तेच शिकतो. ही मुलं परीक्षा संपल्यावरही शांत बसू शकणार नाहीत."

आता कुणीतरी उठेल, खुर्ची फेकेल, घोगऱ्यांची गचांडी धरेल. रेणुका वाट बघत होती.

दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठले. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, शिक्षक असावेत. "मॅडम, याने निकालात फरक किती पडला?"

रेणुकाला प्रश्न कळला नाही. उत्तर घोगरे सरांनी बसल्या जागेवरून दिलं. सभागृहात कौतुकाची कुजबुज उठली.

एक बाई उभ्या राहिल्या. "बारक्या मुलांना चालतं का हे? आमचा धाकटा आठवीत आहे. नुसता मोबाइल घेऊन लोळतो."

"घरी लावायला मिळंल का?" मागून कुणीतरी विचारलं. "मच्छरच्या मशीनसारखं?"

लोक हसले. हलकं, मोकळं हसू होतं ते. रेणुकाचे कान तापले. "अहो, तुम्ही ऐकलंत का मी काय सांगितलं? एका मुलीच्या काखेतला..."

"मॅडम, गाईचं दूध तरी कुठून येतं?" इस्त्रीच्या शर्टाचे गृहस्थ म्हणाले. याही वेळी लोक हसले.

काशिनाथ बिरादार उठले. खुर्च्यांच्या रांगांमधून सरळ मागे गेले, लेकीचा हात धरला आणि बाहेर पडले. शिवकन्याने दारातून एकदा वळून पाहिलं, रेणुकाकडे नाही, त्या हसणाऱ्या लोकांकडे. रस्त्याला सोललेलं जनावर पडलेलं दिसावं आणि नजर हटवता येऊ नये, तशी ती बघत होती.

घोगरे सरांनी माइक हातात घेतला. "मॅडमनी सगळं मोकळेपणाने सांगितलं, फार चांगलं झालं. आता आमची एक अडचण आहे. जुना नमुना आज आपल्याला सोडून गेला. नवीन लागेल. ज्यांची मुलं स्वभावाने हळवी आहेत, परीक्षा म्हटलं की ज्यांना दरदरून घाम फुटतो, त्यांनी बाहेर टेबलापाशी नाव द्यावं. निवड झाली तर त्या मुलाला वरच्या बॅचमध्ये जागा."

लोक उठले. आधी सावकाश, मग खुर्च्या सरकवत, मग घाईने.

रेणुका गर्दीतून बाहेर आली तेव्हा व्हरांड्यात रांग लागलेली होती. टेबलामागे तुषार बसला होता. हातात मोजे घातलेले, समोर कापसाच्या पट्ट्या आणि चिमटा. आईबाप मुलांना पुढे ढकलत होते. एक बाप आपल्या मुलाच्या पाठीवर थाप मारून सांगत होता, "अहो, हा तर अंथरूण ओलं करायचा पेपरच्या आदल्या दिवशी, दहावीला असताना!" मुलगा खाली बघत होता. त्याचे मित्र रांगेत मागेच उभे होते.

"रेणू," तुषार म्हणाला, "घरी जाऊन बोलू."

"तू घरी येऊ नकोस."

"सगळ्यांसमोर तमाशा करू नकोस. या लोकांनी ऐकलं ना सगळं? त्यांना चालतंय. मग तुलाच काय एवढं..."

तेवढ्यात एका बाईने रेणुकाचा दंड धरला. अंगावर चांगली साडी, चेहऱ्यावर काळजी. वाईट बाई वाटत नव्हती. तिने दुसऱ्या हाताने आपल्या मुलीला पुढे ओढलं होतं. "मॅडम, तुम्हीच बघा हिचं. तुम्हाला लगेच कळंल. नुसतं पेपर म्हटलं की धारा लागतात हिला." आणि मुलीला काही कळायच्या आत तिने तिचा हात मनगटाला धरून वर केला, बाजारात कोंबडीचा पंख उचलून दाखवतात तसा. पोरीच्या कुर्त्याला काखेत ओला डाग होता. "हुंगून बघा की!"

मुलीने डोळे गच्च मिटले.

रेणुकाच्या पोटात खालून काहीतरी उसळलं. दही, साय, पिंपातला तो तेलकट थर, मिशीवरून फिरलेली जीभ, सगळं एकदम वर आलं. ती तोंडावर हात न्यायला गेली, पण उशीर झाला होता. ती टेबलावरच ओकली. पट्ट्यांवर, चिमट्यावर, तुषारच्या मोज्यांवर. तुषार ओरडून मागे सरकला आणि खुर्चीसकट पडला.

ती ठरवून केलेली गोष्ट नव्हती. टेबलाच्या कडेला धरून ती पुन्हा ओकली. आंबट वास व्हरांड्यात पसरला. रांगेतला पहिला बाप नाकाला रुमाल लावून वळला आणि त्यालाही उमासा आला. त्याच्या मागच्या बाईने कोपऱ्यात धाव घेतली. मग मागच्या माणसाने. भीतीसारखीच किळसही एकाकडून दुसऱ्याकडे जाते, तिला यंत्र लागत नाही. एसी नव्हता, नळी नव्हती, तरी बघता बघता सगळा व्हरांडा खोकत, थुंकत, तोंड दाबत मागे हटला. शिपाई बादली आणायला पळाला. घोगरे सर सभागृहाच्या दारात आले आणि दारातूनच परत फिरले.

त्या बाईने मुलीचं मनगट सोडलं होतं. मुलीने हात खाली घेतला. ती रेणुकाकडे बघत होती. मग तिने ओढणीने रेणुकाचं तोंड पुसलं. पुसताना तिच्या चेहऱ्यावर जराही किळस नव्हती.

"पाणी आणू मॅडम?"

"नको," रेणुका धापा टाकत म्हणाली. "बाहेर जाऊ."

टेबल धुऊन, फिनेल टाकून, नवीन पट्ट्या आणून रांग पुन्हा लागायला बराच वेळ गेला. रांग लागली हे खरं. पण आईबाप नाक धरून एकमेकांकडे बघत होते तेवढ्या वेळात मागे उभ्या असलेल्या मुलांमधली काही फाटकाबाहेर पडली होती. घोगरे सरांनी शिपायाला पाठवलं तेव्हा ती रस्त्याच्या कडेला रसवंतीच्या सावलीत बसलेली त्याला दिसली. रेणुका त्यांच्यातच होती, ती मुलगीही होती. मुलं आपापल्या काखेतल्या पट्ट्या ओढून काढत होती आणि उसाच्या चोथ्याच्या ढिगात टाकत होती. शिपाई थोडा वेळ लांबून बघत राहिला. मग परत जाऊन त्याने सांगितलं, कुणी दिसलं नाही.